आत माणूस आहे

तीन वर्षं बारा हजार फुटांवर काढून आमची फील्ड कंपनी बेंगळुरूला आली. पीस पोस्टिंग, म्हणजे सरहद्दीपासून लांबची नेमणूक. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, प्लॅटूनचा जेसीओ, म्हणजे जवानांच्या वरचा आणि अफसरांच्या खालचा. नाव दानिएल साळवे. आमचं काम इंजिनिअर्सचं. पूल टाकायचे, सुरुंग काढायचे, दरड कोसळलेला रस्ता मोकळा करायचा. बेंगळुरूत यातलं काही नव्हतं. पावणेसहाला पीटी, साडेआठला फॉल इन, मग स्टोअर, वर्कशॉप, क्लास. संध्याकाळी गेम्स आणि रोल कॉल. ज्यांना क्वार्टर मिळाले त्यांनी कुटुंबं आणली. पहिला महिनाभर जवान एकमेकांना सांगत होते की नळाला चोवीस तास पाणी येतं आणि ते गोठत नाही.

आता मी पेन्शनर आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका ऑफिसच्या इमारतीवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून काम करतो. रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये आमची मराठी ख्रिस्ती उपासना असते. पुण्याची, नागपूरची, आयटीत काम करणारी मुलंमुली येतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाच्या वडिलांची किमोथेरपी गावाकडे चालू असते. आमचे पाळक वयानं माझ्या पुतण्याएवढे आहेत. ते म्हणाले, "अंकल, रोजच्या जगण्यात देवावर भरवसा कसा ठेवायचा, यावर काहीतरी लिहून द्या. तुम्ही फौजेत होता. मुलांना धीर येईल. जरा पॉझिटिव्ह लिहा."

मी म्हणालो, "मला एकच गोष्ट माहीत आहे. ती पॉझिटिव्ह नाही."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "तीच लिहा."

ती गोष्ट हवालदार शांतवन पगारेची आहे.

शांतवन संगमनेर तालुक्यातला. वडील गावच्या छोट्या चर्चमध्ये सेवक होते, म्हणजे घंटा वाजवण्यापासून मयताच्या प्रार्थनेपर्यंत सगळं तेच करायचे. शांतवन अंगानं काटकुळा. उंची जेमतेम. भरतीच्या वेळी छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून एकदा परत पाठवला होता, दुसऱ्यांदा आला. माझ्या प्लॅटूनमध्ये अकरा वर्षं होता. सुरुंग काढण्यात त्याचा हात कंपनीत पहिला.

ख्रिस्ती आम्ही दोघंच. पण माझा धर्म सर्व्हिस बुकात लिहिलेला होता तेवढाच. नाताळला चर्च, बाकी वर्षभर काही नाही. शांतवनचं तसं नव्हतं. पीटीहून आला की बूट काढायच्या आधी कॉटवर बसायचा आणि डोळे मिटायचा. दोन मिनिटं. मोठ्यानं काही नाही. मी एकदा विचारलं, काय मागतोस रोज? तो म्हणाला, "मागत नाही साहेब. रिपोर्ट देतो. आज हे हे काम आहे, हे मला जमेल, हे जमणार नाही, बघा."

डोंगरात असताना एकदा बर्फानं रस्ता बंद झाला आणि रेशनची गाडी नऊ दिवस आली नाही. आठव्या दिवशी मगात बिनसाखरेचा काळा चहा आणि अर्धं बिस्किट होतं. शांतवननं त्यावर डोळे मिटून आभार मानले. मी चिडलो.

"कशाचे आभार मानतोस रे? अर्ध्या बिस्किटाचे?"

"अर्ध्याचेच मानले साहेब," तो म्हणाला. "पूर्णाचे उद्या मानू."

गाडी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. हे मी मुद्दाम सांगतो. त्याच्या प्रार्थनेनं गाडी आली असं त्यानं कधी म्हटलं नाही, मीही म्हणणार नाही. पण त्या दोन दिवसांत सेक्शनचं डोकं ठिकाणावर राहिलं, ते त्याच्यामुळे. तो रोज सकाळी फावडं घेऊन बाहेर पडायचा आणि हेलिपॅडचा बर्फ काढायचा. हेलिकॉप्टर येणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तो म्हणायचा, आलंच तर उतरायला जागा पाहिजे.

बेंगळुरूत त्याची बायको रूथ आणि मुलगी अबोली आली. क्वार्टर मिळाला नाही म्हणून त्यांनी चामराजपेटला दोन खोल्या घेतल्या. घरमालकीण जुन्या मराठी घराण्यातली, पण तीन पिढ्या तिथेच गेलेल्या. मराठी बोलताना मध्येच कन्नड "सरी", म्हणजे बरं, म्हणायची, आणि गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून हेही अक्का म्हणायला लागले. अबोलीला शाळेत प्रवेश मिळेना. शांतवन तीन शनिवार त्या शाळेत जाऊन बाकावर बसला. चौथ्या शनिवारी मिळाला. रूथनं त्याच शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. मी एका रविवारी जेवायला गेलो होतो. मटण होतं. शांतवन म्हणाला, "साहेब, एवढं सलग सुख आपल्याला सवयीचं नाही." आम्ही हसलो.

त्यानंतर पाच आठवड्यांनी तो दिवस आला. मंगळवार होता.

सकाळी दहा वीसला मेसेज आला. होसकोटेच्या पुढे औद्योगिक भागात पाच मजली इमारत कोसळली आहे. बांधकाम चालू होतं. मजूर आत अडकले आहेत. सिव्हिल प्रशासनानं फौजेची मदत मागितली आहे. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी माझी प्लॅटून निवडली. दहा पंचावन्नला तीन गाड्या निघाल्या. कटर, हायड्रॉलिक जॅक, लाकडी टेकू, दोर, स्ट्रेचर, रेडिओ सेट. रस्त्यात ट्रॅफिक. बारा पंचवीसला पोचलो.

पाच मजले एकावर एक बसले होते. मधल्या जागा काही ठिकाणी हातभर, काही ठिकाणी वीतभर. अग्निशमन दलानं आमच्या आधी दोघांना जिवंत काढलं होतं, तिघांना मेलेलं. मुकादमाच्या हिशेबानं एक बाई अजून आत होती. यल्लम्मा, रायचूरकडची, विटा वाहणारी.

मेजर साहेबांनी सगळी मशीनं बंद करायला लावली. शिटी वाजली. कुणी बोलायचं नाही, कुणी पाय हलवायचा नाही. मी पालथा पडून स्लॅबला कान लावला. एक मिनिट काही नाही. मग टक, टक. थांबून पुन्हा टक.

"साहेब, आत माणूस आहे," मी म्हणालो.

जागा ठरली. समोरच्या बाजूनं एक फट होती. ती रुंद करत, टेकू देत आत शिरायचं. पंधरा-सोळा फूट. तासाभरात तोंड तयार झालं. पण आतली वाट अरुंद होती. छाती लहान असलेला माणूस पाहिजे होता.

मी काही म्हणायच्या आधी शांतवननं पाऊच उतरवला, घड्याळ काढून लान्स नायक मोरेकडे दिलं आणि कमरेला दोर बांधला. दोर मोरेच्या हातात. मी गाठ ओढून पाहिली. शांतवननं ती सोडून पुन्हा स्वतः बांधली. दोन मिनिटं गुडघ्यावर बसला, डोळे मिटले. आजूबाजूचे लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढत होते. एक पस्तीसला तो आत गेला.

पुढचा तासभर मी सेट कानाला लावून तोंडाशी बसलो होतो.

"साळवे साहेब, पगारे. बाई दिसली. बोलतेय. उजवा पाय सळयांत अडकलाय. छोटा कटर आणि ब्लँकेट पाठवा. ओव्हर."

"कटर येतोय. दुसऱ्या दोराला बांधून सोडतो. ओव्हर."

सेटवर मला तिचा आवाजही येत होता. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बिट्टु होगबेडी अण्णा." सोडून जाऊ नका. शांतवनला बाजारापुरतं कन्नड येत होतं. तो म्हणाला, "होगल्ल अक्का." नाही जात. मग त्याच्याकडचे शब्द संपले असावेत, कारण पुढे तो तिच्याशी मराठीतच बोलत राहिला. तुमचं गाव कोणतं, मुलं किती, पाऊस झाला का यंदा. ती कन्नडमध्ये तिचं तिचं बोलत होती. मध्ये कटरचा आवाज, मग पुन्हा बोलणं.

दोन पंधराला मी विचारलं, "पगारे, तू कसा आहेस? ओव्हर."

आधी कटरचा आवाज थांबला.

"भीती वाटतेय साहेब. ओव्हर."

अकरा वर्षांत त्याच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. सुरुंगाच्या शेतात पोटावर सरपटतानाही नाही.

"बाहेर येतोस? दुसरा माणूस पाठवतो. ओव्हर."

"नाही. नुसतं सांगितलं. ओव्हर."

आता जे सांगायचं ते मी कोर्ट ऑफ इन्क्वायरीत सांगितलं आहे. शपथेवर. तरी पुन्हा सांगतो.

तीन वाजता एक पुढारी पाहणीला येणार होते. मागच्या रस्त्यावर ढिगारा पडला होता आणि तिथून त्यांच्या गाड्या येणार होत्या. दोन तीसला मला मागच्या बाजूला पोकलेन दिसलं. मी तिकडे गेलो. ऑपरेटर केबिनमध्ये बसून बिडी ओढत होता. मी हिंदीत सांगितलं, "आत माणूस आहे. दोन माणसं आहेत. मशीन चालू करायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही."

तो मान हलवून म्हणाला, "सरी सार."

मी परत तोंडाशी आलो. येताना वळून पाहिलं तेव्हा पांढऱ्या शर्टातला एक अधिकारी ऑपरेटरशी बोलत होता. मशीनची चावी मशीनलाच राहिली. ती मी काढून घ्यायला हवी होती. निदान तिथे एक जवान उभा करायला हवा होता. माझ्याकडे चौदा जवान होते. मी एका माणसाच्या मान हलवण्यावर भरवसा ठेवला. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली माझी ही सर्वांत मोठी चूक, आणि तिची किंमत मी भरली नाही.

दोन चाळीसला शांतवन सेटवर आला. "पाय सुटला साहेब. बाईला ब्लँकेटवर घेतोय. आधी ती, मग मी. ओव्हर."

"ओढायला तयार. ओव्हर."

आम्ही ब्लँकेटला बांधलेला दोर ओढू लागलो. इंचाइंचानं. शांतवन मागून ढकलत होता. दोन शेहेचाळीसला मागच्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला.

मी ओरडलो. मेजर साहेब ओरडले. दोन जवान धावले. त्या ढिगाऱ्याला वळसा घालायला दीड मिनिट लागतं. मी सेटवर म्हणालो, "पगारे, सगळं सोड, बाहेर ये. इमिजिएट. ओव्हर."

"बाई वाटेत आहे साहेब. ती निघाल्याशिवाय मला वाट नाही. ओढा."

ओव्हर म्हणाला नाही.

दोन अठ्ठेचाळीसला यल्लम्माचं डोकं बाहेर आलं, मग खांदे. आम्ही तिला काढून बाजूला घेतलं. पोकलेननं मागचं एक बीम उचललं होतं. ते बीम वरच्या स्लॅबला आधार देऊन होतं, हे बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. जवान पोचले, इंजिन बंद झालं. शांतता झाली. मला वाटलं, वाचलो. मोरेच्या हातात दोर हलत होता, म्हणजे शांतवन पुढे सरकत होता. त्याच्या हेल्मेटचा दिवा मला दिसला. सहा फुटांवर.

दोन बावन्नला स्लॅब बसला. फार मोठा आवाज झाला नाही. धूळ आली.

सहा दहाला आम्ही त्याला काढलं. मोरेनं तोपर्यंत दोर सोडला नव्हता. त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. पाहणी वेळेवर झाली, समोरच्या बाजूनं. नेत्यांनी यल्लम्माच्या ॲम्ब्युलन्सजवळ उभं राहून जवानांचं कौतुक केलं. तेव्हा शांतवन आतच होता.

इन्क्वायरीत कळलं की पोकलेन चालू करायला कुणीच सांगितलं नव्हतं. पांढऱ्या शर्टातल्या ज्या अधिकाऱ्याला मी ऑपरेटरशी बोलताना पाहिलं होतं, त्यानं सांगितलं की तो वेळ विचारत होता. ऑपरेटर त्याच संध्याकाळी गावाला निघून गेला, तो सापडला नाही. इमारतीच्या ठेकेदाराला जामीन झाला. कागदावर शांतवनचा मृत्यू बचावकार्यादरम्यान झालेला अपघात. शब्द बरोबर आहेत. मला एकाही शब्दावर हरकत घेता येत नाही.

बॉडी मी गावी घेऊन गेलो. गार्ड दिला, बिगुल वाजला. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. बाहेरून एक मोठे प्रवचनकार आले होते. ते म्हणाले, देवाची योजना आपल्याला समजत नाही. ते म्हणाले, देवाला बागेतलं सर्वांत सुंदर फूल हवं होतं. मी युनिफॉर्ममध्ये होतो म्हणून गप्प उभा राहिलो. नंतर ते मला म्हणाले, "सुभेदार साहेब, देवानं तुम्हाला वाचवलं. त्याचा काहीतरी हेतू असणार."

मी म्हणालो, "मी बाहेर बसलो होतो. म्हणून वाचलो."

शांतवनच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी मुलाच्या मयताची प्रार्थना स्वतः केली. आवाज कापला नाही. रात्रीच्या गाडीनं मी निघणार तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावून एकच विचारलं.

"शेवटी घाबरला होता का तो?"

"नाही आप्पा," मी म्हणालो. "अजिबात नाही. वाघासारखा होता."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

त्यानंतर दोन वर्षं मी चर्चची पायरी चढलो नाही. नाताळलाही नाही. रिटायर झालो, गावी न जाता बेंगळुरूतच राहिलो. लोक विचारायचे का राहिलात, मी सांगायचो हवा चांगली आहे. खरं कारण असं की रूथही इथेच राहिली होती. अबोलीची शाळा मध्येच सोडायची नाही म्हणाली. महिन्यातून एकदा मी चामराजपेटला जायचो. गॅस सिलेंडर, रेशन कार्ड, पेन्शनचे कागद, काही ना काही काम असायचं. काम नसलं की काढायचो.

एकदा असाच गेलो. रूथ शाळेतून नुकतीच आली होती. तिनं चहा ठेवला. तो समोर घेऊन तिनं डोळे मिटले, शांतवन मिटायचा तसेच. मला राहवलं नाही.

"रूथ, अजून ठेवतेस तू भरवसा? देवावर?"

ती म्हणाली, "दादा, तुम्हाला काय वाटतं, मी इथं बसून गोड गोड बोलते त्याच्याशी?"

मी कप खाली ठेवला.

"सकाळी पाचला उठते. अबोलीचा डबा, माझा डबा. सात पस्तीसची बस. त्या आधी दोन मिनिटं बसते. त्याला म्हणते, तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही. तू तिथं होतास आणि तू हात लावला नाहीस. पण आज फी भरायची आहे, अबोलीला ताप आहे आणि मला सुट्टी नाही. माझ्याच्यानं होणार नाही. आजचा दिवस ढकल." तिनं चहाचा घोट घेतला. "ढकलला जातो दिवस. कसा ते विचारू नका, मला माहीत नाही. कधी अक्का औषध घेऊन येते, कधी तुम्ही येता."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या भांडते."

मग तिनं सांगितलं की यल्लम्मा येऊन गेली. मुकादमाकडून पत्ता काढत, काठी टेकत, रायचूरहून रात्रभर बसनं. दारात उभी राहिली आणि रडायला लागली. रूथ म्हणाली, "मला तिचा राग आला, दादा. खरं सांगते. हिच्या जागी तो आला असता तर, असंच आलं मनात. आत ये म्हणायला मला पाच मिनिटं लागली. मग ती जेवली. तिला तीन मुलं आहेत. धाकटी अजून अंगावर पीत होती तेव्हा. तिनं मला विचारलं, अण्णा आत माझ्याशी काय बोलत होते? मला भाषा कळली नाही, पण ते गप्प बसले नाहीत म्हणून मी जिवंत राहिले. मी काय सांगणार? मी म्हटलं, पाऊस झाला का, असं विचारत असतील. त्यांना दुसरं बोलायला येतच नव्हतं."

रूथ हसली. त्या दोन वर्षांत पहिल्यांदा. मग उठून भांडी घासायला गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

त्या पुढच्या रविवारी मी उपासनेला गेलो. शेवटच्या रांगेत बसलो. मला काही साक्षात्कार झाला नव्हता. राग होता तसाच होता, आजही आहे. पण दोन वर्षं मी त्या रागासकट कुणाशीच बोललो नव्हतो. रूथ रोज बोलत होती. फरक एवढाच.

तर मुलांनो, रोजच्या जगण्यात भरवसा कसा ठेवायचा. मी सांगू शकतो ते थोडकं आहे. भरवसा ठेवला की स्लॅब पडत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याला होसकोटेला पाठवा. मी शांतवनइतका भरवसा ठेवणारा माणूस पाहिला नाही आणि तो सदतिसाव्या वर्षी गेला. गाठ दोनदा बांधून गेला. त्याची गाठ सुटली नाही. चूक माझी होती, आणि आणखी काही लोकांची, ज्यांनी ती कबूल केली नाही. त्यात देवाची योजना शोधू नका. माणसांनी केलेलं माणसांच्या नावावर राहू द्या.

पण शांतवन आत असताना मी त्याला विचारलं होतं, बाहेर येतोस का. तो घाबरलेला होता आणि तो आला नाही. ती ताकद त्या दुपारी अचानक कुठून आली नव्हती. ती अकरा वर्षं कॉटवर बसून रोज दोन मिनिटं जमवलेली होती. अर्ध्या बिस्किटावर जमवलेली होती. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याहून जास्त मला ठाऊक नाही. मी आता सकाळी ड्यूटीवर उभा राहण्याआधी दोन मिनिटं थांबतो. बहुतेक वेळा माझा रिपोर्ट तक्रारीचाच असतो. देतो.

या वर्षी मी शांतवनच्या गावी गेलो. आप्पा आता थकले आहेत, नजर अधू झाली आहे. माझा दंड धरून ते चर्चमागच्या दफनभूमीत आले. ऊन उतरलं होतं. ते थडग्याच्या कडेला बसले. मी उभाच राहिलो.

"आप्पा, मी तुम्हाला खोटं बोललो होतो," मी म्हणालो. "तो घाबरला होता. त्यानं सेटवर मला सांगितलं."

त्यांनी मान वर केली. माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला पाहिलं.

"काय म्हणाला? शब्द सांगा."

"भीती वाटतेय साहेब, म्हणाला. मी विचारलं, येतोस का बाहेर. म्हणाला, नाही, नुसतं सांगितलं."

आप्पांनी थडग्यावरून हात फिरवला. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, रडतील, नाहीतर मला शिव्या देतील. दोन्ही चाललं असतं.

"मला फार काळजी होती," ते शेवटी म्हणाले. "वाघासारखा होता म्हणालात तेव्हापासून. मला वाटायचं, शेवटी त्याला कुणाची गरजच वाटली नाही की काय. घाबरला होता तर मग त्यानं देवाला हाक मारली असेल. एकटा नसेल राहिला."

मी वाद घातला नाही. मला तसं वाटत नाही, असंही म्हणालो नाही. काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही.

"मला दगडावरचं दिसत नाही आता," आप्पा म्हणाले. "वाचा."

मी सावधान उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचलं. हवालदार शांतवन यशवंत पगारे. इंजिनिअर्स.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.